सेल्फ-स्टोरेजची सुरक्षा: कुलूप, कडी, दार-अलार्म आणि कॅमेरे यांचा आढावा

सेल्फ-स्टोरेज म्हणजे सामान ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या शटरच्या खोल्या; अशा प्रत्येक खोलीला युनिट म्हणतात. तिथल्या चोरीची एक ठरलेली पद्धत आहे. चोर रीतसर युनिट भाड्याने घेतो आणि स्वतःचा कोड दाबून फाटकातून आत येतो. शेजारच्या युनिटचं कुलूप कापून माल स्वतःच्या गाडीत भरतो आणि जाताना कापलेल्या कुलपाच्या जागी तसंच दिसणारं दुसरं कुलूप लावून टाकतो. युनिटचा भाडेकरू तीन-चार महिन्यांनी येतो तेव्हा त्याची किल्ली लागत नाही. तोवर कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं गेलेलं असतं आणि चोराने आपलं युनिट सोडलेलं असतं.

म्हणून या क्षेत्रातल्या प्रत्येक उपकरणाला दोन प्रश्न विचारावेत. ते चोराला किती वेळ अडवतं? आणि चोरी झाल्याचं किती लवकर कळवतं? पहिल्या प्रश्नाची उत्तरं वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेली असतात. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र बाजारातली बरीच सामग्री अडखळते.

उघड्या दांडीचं साधं कुलूप इथे बादच समजावं. त्याची दांडी सहा ते आठ मिलिमीटर जाड असते आणि लांब हातांच्या बोल्ट कटरला ती पुरेशी उघडी मिळते. गोल डिस्क कुलूप याच अडचणीवरचा उपाय आहे. साधारण ७० मिमी व्यासाच्या स्टेनलेस स्टीलच्या कवचात दांडी जवळपास पूर्ण लपते आणि कटरच्या जबड्याला शिरायला जागा राहत नाही. आबुस कंपनीच्या डिस्कस कुलपाचा हा आकार आता अनेक कंपन्या बनवतात आणि कुलपाकुलपांतला फरक नेमका तिथेच पडतो. स्वस्त नकलेत कवचाचे दोन भाग जेमतेम ठिपका-वेल्डिंगवर धरलेले असतात. आत चारच पिना (किल्लीने ढकलल्या जाणाऱ्या बारीक खुंट्या) असतात आणि त्याही ढिल्या बसवलेल्या. असं कुलूप चोर कापत बसत नाही. खाचेत वाकडी पट्टी घालून, वर-खाली घासून तो ते उघडतो आणि मागे ओरखडाही राहत नाही. विमा असलेल्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावं, कारण दार जबरदस्तीने उघडल्याची खूण दिसल्याशिवाय भरपाई न देणाऱ्या पॉलिसी बऱ्याच आहेत.

घेताना पिना किती ते विचारा. सहा किंवा जास्त असाव्यात. पिनांऐवजी फिरत्या चकत्यांची यंत्रणा मिळाली तर सोन्याहून पिवळं. फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सन यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या आणि आब्लॉय नावाने प्रसिद्ध झालेल्या या यंत्रणेत स्प्रिंग नसते. त्यामुळे धुळीत ती अडकत नाही आणि वाकड्या पट्टीलाही सहज दाद देत नाही. युरोपीय मानक ईएन १२३२० मध्ये कुलपांचे १ ते ६ असे दर्जे आहेत, त्यातला निदान ३ असावा. दर्जाही लिहिलेला नाही आणि पिनांची संख्याही कोणी सांगत नाही, असं कुलूप घेऊ नये. किल्लीचा क्रमांक कुलपावरच कोरलेला असेल तर तो टिपून घ्या आणि कानशीने घासून टाका, कारण त्या क्रमांकावरून किल्ली बनवता येते. वंगण म्हणून ग्राफाइटची पूड किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे वापरा. तेल घातलं की धूळ चिकटते आणि वर्षभरात पिना जाम होतात.

एवढं करूनही बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे डिस्क कुलूप काही मिनिटंच टिकतं. ते टिकावं यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही, कारण खरा कच्चा दुवा कुलूप नसून कडी-कोयंडा असतो. पत्र्याच्या शटरवर चार बारीक स्क्रूंनी बसवलेल्या पातळ पट्टीत भारी कुलूप अडकवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पट्टीखाली पहार घालून जोर दिला की कुलूप शाबूत राहतं आणि पट्टी स्क्रूंसकट हातात येते. पट्टी स्टेनलेस स्टीलची हवी. बाहेरून गोल गुळगुळीत डोक्याचे, आतून नट कसलेले बोल्ट हवेत आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला आधाराची जाड पट्टी हवी. सरकणारा दांडा चौकटीत निदान २५ मिमी शिरला पाहिजे. शटर जुनं झालं की ते एका बाजूला झुकतं आणि हे अंतर गुपचूप कमी होतं, म्हणून ते दर सहा महिन्यांनी मोजावं.

आणखी एक चूक जागोजागी दिसते. पट्टीला दोन भोकं असतात. एक भाडेकरूच्या कुलपासाठी आणि दुसरं भाडं थकल्यावर व्यवस्थापनाने लावायच्या कुलपासाठी. घाईत कुलूप असं अडकवलं जातं की ते सरकत्या दांड्याच्या भोकातून जातं, पण स्थिर पट्टीतून जातच नाही. लांबून सगळं ठीक दिसतं, प्रत्यक्षात दांडा कुलपासकट सरकतो. कुलूप लावल्यावर दांडा जोराने ओढून पाहायला पाच सेकंदही लागत नाहीत.

नवीन बांधकाम असेल तर आमची पसंती डिस्क कुलपाला नाही, कडीतच बसणाऱ्या सिलिंडर कुलपाला आहे. बाहेर फक्त बोटभर रुंदीचा गोल चेहरा दिसतो. कापायला दांडी नाही, पहार घालायला फट नाही. बहुतेकांना नळीसारखी गोल, सात पिनांची किल्ली असते. तिच्या मर्यादा माहीत असू द्याव्यात: २००४ मध्ये नळीच्या किल्लीची सायकल-कुलपं बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात हे जगजाहीर झालं होतं. त्यानंतर चांगल्या उत्पादकांनी पिनांची रचना सुधारली, पण अनोळखी स्वस्त मालाबद्दल तशी खात्री देता येत नाही. चेहऱ्यावर ड्रिल चालू नये म्हणून आत कठीण पोलादाची गोळी किंवा चकती आहे का, हेही विचारावं. सिलिंडर कुलपाचा आणखी एक फायदा असा की चोराला दुसरं कुलूप लावून चोरी झाकणं अवघड जातं. त्यासाठी त्याला त्याच घडणीचं सिलिंडर आधी मिळवावं लागतं.

दारावर इतका खर्च करून भिंतींकडे कानाडोळा करणारे कमी नाहीत. युनिटांमधल्या भिंती नालीदार पातळ पत्र्याच्या असतात. त्या बऱ्याचदा छतापर्यंत जात नाहीत आणि त्यांचे स्क्रू शेजारच्या युनिटमधून उघडता येतात. शेजारचं युनिट चोरानेच घेतलेलं असेल तर त्याला कुलपाला हात लावायचीही गरज नाही. वर जाळी ताणून ती चौकटीला रिव्हेटने पक्की करावी आणि भिंतीचे स्क्रू एकाच दिशेने फिरणारे वापरावेत. हे काम स्वस्त आहे आणि ते आधी करावं.

आता दार-अलार्म. या आढाव्यातलं सर्वांत उपयोगी उपकरण हेच आहे, कारण वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर यातून मिळतं. प्रत्येक शटरवर चुंबक आणि चौकटीवर चुंबकीय स्विच. भाडेकरूने फाटकावर आपला कोड दाबला की फक्त त्याच्याच युनिटचा अलार्म बंद होतो, बाकी सगळे चालूच राहतात. आत घुसलेल्या भाडेकरू-चोराने शेजारचं दार उचललं की त्याच क्षणी युनिट क्रमांकासह सूचना जाते.

बसवताना मात्र इथेच घोडं पेंड खातं. घरच्या दाराचा साधा स्विच शटरला चालत नाही. शटर वाऱ्याने पुढे-मागे हलतं आणि चुंबक दोन सेंटिमीटर सरकला तरी साधा स्विच सुटतो. मग रात्रभर खोटे अलार्म वाजतात आणि आठवड्याभरात कर्मचारी ती यंत्रणा बंदच करून ठेवतात. ५० ते ७५ मिमी अंतर सहन करणारा रुंद-फटीचा स्विच घ्या आणि त्याची तार धातूच्या लवचीक नळीतून न्या. चुंबक शटरच्या तळपट्टीवर, कडीच्या विरुद्ध टोकाला बसवा. कडी एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरा कोपरा पहारीने उचलून हात आत घालता येतो. चुंबक त्या कोपऱ्यात असेल तर तो प्रयत्नही पकडला जातो.

तारेच्या यंत्रणेत सर्किटच्या शेवटी एक रेझिस्टर लावायचा असतो. पॅनेल, म्हणजे अलार्मचा मुख्य डबा, त्याच्या विद्युत-रोधावरून तार तुटली की दोन तारा एकमेकींना जोडल्या गेल्या हे ओळखतं. हा रेझिस्टर स्विचपाशी हवा. वायरमन सोयीसाठी तो पॅनेलच्याच डब्यात लावून मोकळे होतात. मग मधे कोणी दोन तारा एकत्र पिळल्या तरी पॅनेलला सगळं आलबेल दिसतं. काम ताब्यात घेताना एखाद्या युनिटपाशी मुद्दाम तारा जोडून पाहा. पॅनेलने बिघाड दाखवला नाही तर काम परत करायला लावा.

बिनतारी सेन्सर बसवायला सोपे, पण पत्र्याची इमारत रेडिओ लहरी अडवते. लांब गल्ल्यांमध्ये रिपीटर, म्हणजे संकेत पुढे पोचवणारी उपकरणं, लागतातच. विकत घेण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. सेन्सर ‘मी जिवंत आहे’ असा संकेत किती वेळाने पाठवतो आणि तो संकेत आला नाही तर यंत्रणा किती वेळात कळवते. दिवसातून एकदाच संकेत पाठवणारा सेन्सर उपटून फेकला तरी दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. एका तासाच्या वरचा अवधी स्वीकारू नये. शिवाय भाडेकरू बाहेर पडताना कोड दाबायला विसरला तर त्याच्या युनिटचा अलार्म बंदच राहतो. शटर बंद झाल्यावर ठरावीक वेळाने अलार्म आपोआप पुन्हा चालू होण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असलीच पाहिजे.

फोनवर उघडणारी इलेक्ट्रॉनिक कुलपं हा पुढचा टप्पा. जानस इंटरनॅशनलची ‘नोके’ प्रणाली हे यातलं ओळखीचं नाव. कुलूप दाराच्या आतल्या बाजूला असल्यामुळे बाहेरून कापण्यासारखं काही नसतं, प्रत्येक उघडझापीची नोंद राहते आणि भाडं थकलं तर कार्यालयातूनच दार रोखता येतं. एवढे फायदे खरे. पण ही यंत्रणा दार-अलार्मच्या जोडीने घ्यावी, त्याच्याऐवजी नव्हे. व्यवहारात सर्वांत जास्त येणारी अडचण अगदी साधी असते: आत ठेवलेली खोकी शटरवर रेलतात, दांड्यावर दाब येतो आणि छोटी मोटर तो ओढू शकत नाही. सामान शटरपासून निदान ३० सेंमी लांब ठेवायला सांगणारी पट्टी जमिनीवर रंगवून घ्यावी. दुसरी अडचण नेटवर्कची. काही प्रणालींत फोनला किल्लीची वैधता ताजी करण्यासाठी इंटरनेट लागतं आणि पत्र्याच्या गल्लीत ते मिळत नाही. बॅटरी संपल्यावर बाहेरून तात्पुरती वीज कशी द्यायची, हेही विकत घेण्याआधी करून पाहावं.

फाटकाच्या कीपॅडबद्दल एकच तपासणी, पण ती टाळू नये. फाटक उघडणारा रिले (विजेने चालणारा स्विच) कीपॅडच्याच डब्यात असेल तर कोणीही समोरचे दोन स्क्रू काढून, दोन तारा जोडून फाटक उघडू शकतो. रिले आतल्या कंट्रोलरमध्ये हवा. कीपॅड आणि कंट्रोलर यांच्यात कोड उघडाच पाठवणाऱ्या जुन्या वीगँड तारांऐवजी ओएसडीपी ही संदेशांची नवी पद्धत असावी, आणि त्यातली कूटबद्धता चालू केलेली असावी. ती चालू करायची राहून गेलेली यंत्रणा बऱ्याचदा सापडते. बाहेर जाताना कोड घेणंही तितकंच गरजेचं, नाहीतर कोण किती वेळ आत होतं हे कळत नाही. मात्र वीज गेल्यावर किंवा आग लागल्यावर माणसांना आतून बाहेर पडता आलंच पाहिजे, याच्याशी कुठलीही तडजोड नको.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत संख्या मोजू नका, पिक्सेल मोजा. कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाची ओळख पटण्यासाठी दर मीटरला २५० पिक्सेल लागतात. १९२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा म्हणजे साडेसात मीटर रुंदीचं दृश्य, त्यापुढे फक्त आकृत्या. फाटकावर चेहऱ्यासाठी एक आणि गाडीच्या क्रमांकासाठी एक, असे दोन वेगळे कॅमेरे ठेवा. क्रमांकाच्या कॅमेऱ्याचा शटर वेग, म्हणजे एक चित्र टिपायला लागणारा वेळ, १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद हवा, नाहीतर रात्री पाटी धूसर होते. अरुंद गल्लीत कॅमेरा आडव्याऐवजी उभ्या चौकटीत लावला तर भिंतींवर वाया जाणारे पिक्सेल वाचतात. इन्फ्रारेड दिवा जवळच्या पांढऱ्या पत्र्यावर पडला की चित्र पांढरंफटक होतं, म्हणून गल्ल्यांमध्ये हालचालीने लागणारे साधे दिवे जास्त उपयोगी.

साठवणुकीचा हिशेब आधी करावा. ४ मेगाबिट प्रति सेकंद वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट खातो. ९० दिवसांसाठी साधारण ३.९ टेराबाइट. उशिरा उघड होणाऱ्या चोऱ्यांसाठी ३० दिवस अपुरे आहेत. सगळ्या कॅमेऱ्यांना इतकी जागा परवडत नसेल तर फाटकावरचे दोन ९० दिवस ठेवा आणि गल्ल्यांतल्यांना हालचालीवर चालवा. रेकॉर्डर कार्यालयाच्या टेबलाखाली नको, कुलूपबंद कपाटात हवा. त्याचं आणि फाटकाच्या कंट्रोलरचं घड्याळ एकाच वेळ-सर्व्हरशी जोडलेलं हवं. दोन्हींत दहा मिनिटांचा फरक असेल तर कोडची नोंद आणि चेहरा यांची जोडी लागत नाही.

एवढ्या सगळ्यात सर्वांत कमी खर्चाची गोष्ट म्हणजे रोजची कुलूप-फेरी. कर्मचारी यादी घेऊन प्रत्येक दारासमोर जातो. भाड्याच्या युनिटवर नोंदवलेलं कुलूपच आहे का आणि रिकाम्या युनिटवर व्यवस्थापनाचं कुलूप आहे का, हे पाहतो. त्यासाठी करार करतानाच कुलपाची बनावट आणि जवळून काढलेला फोटो नोंदवून ठेवावा लागतो. कुलूप बदललेलं दिसलं की त्याच दिवशी भाडेकरूला फोन जायला हवा. जमिनीवर धातूचा कीस, ग्राइंडरचा जळका वास, कडीवर नवे ओरखडे या खुणा फेरीतच सापडतात. जागा भाड्याने घेणाऱ्यांनी व्यवस्थापकाला कालच्या फेरीची नोंदवही दाखवायला सांगावी. ती मिळाली नाही, तर दुसरी जागा पाहावी.