पिंक मून : वळवापासून गुऱ्हाळांच्या दिवसांपर्यंत ऐकल्यावर

इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकचा 'पिंक मून' हा अल्बम मी वळवाच्या दिवसांत ऐकायला घेतला. आता गुऱ्हाळं सुरू झालीत, तरी तो सुटलेला नाही. या अल्बमबद्दल वाचायला गेलं की बहुतेकजण एकच सांगतात : गायक नैराश्यात होता, वयाच्या २६ व्या वर्षी गेला, म्हणजे ही त्याची निरोपाची चिठ्ठी. इतके महिने ऐकून मला हे पटत नाही.

ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत दोन रात्रींत हे रेकॉर्डिंग झालं. आत ड्रेक आणि इंजिनिअर जॉन वुड, बस्स. अकरा गाणी, सगळी मिळून अठ्ठावीस मिनिटं. आधीच्या दोन अल्बममध्ये व्हायोलिनं, ड्रम्स, बाकीचे वादक होते. इथे फक्त गिटार आणि आवाज, आणि पहिल्या गाण्यात पियानोची एक छोटी ओळ.

फेब्रुवारी १९७२ मध्ये अल्बम आला आणि जवळजवळ कुणीच घेतला नाही. 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या समीक्षकानं तेव्हा लिहिलं होतं की हे संगीत ऐकावं तितकं धरून ठेवतं, पण स्वतः मात्र लपून राहतं. त्या काळातलं मला हेच सगळ्यात खरं वाटतं. माझाही अनुभव हाच आहे. पहिले काही आठवडे गाणी एकमेकांत मिसळून जायची, कुठलं संपलं आणि कुठलं सुरू झालं ते कळायचं नाही. आता 'रोड'चे पहिले चार सूर आले की सकाळ सुरू झाल्यासारखं वाटतं.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतून गोकुळ शिरगावला कंपनीच्या बसनं जाते. अल्बमची लांबी या प्रवासाला बरोबर पुरते. पण इअरफोन चांगले हवेत. मोबाईलच्या स्पीकरवर अंगठ्यानं वाजवलेला खर्ज गळून पडतो, आणि सगळा जीव तिथेच आहे. ड्रेक गिटारच्या तारा नेहमीसारख्या लावत नाही. गाण्याप्रमाणे जुळणी बदलतो, त्यामुळे मोकळ्या तारा मागं घुमत राहतात आणि बोटं त्यावर चालीचं विणकाम करतात. हात एवढा पक्का, लय एवढी ठाम, की आवाज पुटपुटल्यासारखा असला तरी गाणं कुठं ढासळत नाही. खचलेल्या माणसाचा हात म्हणून हे वादन ऐकायला गेलं तर पटत नाही.

घरातल्यांचं वेगवेगळं. आई म्हणाली, "एवढं कशानं रडतंय गं पोरगं?" धाकट्या भावाला आवाज अजिबात आवडला नाही, पण गिटार ऐकून तो म्हणाला, "तायडे, ह्यो एकटाच वाजवतोय? खरं सांग." गेले काही महिने तो 'पिंक मून'ची जुळणी लावायच्या मागं आहे. आण्णा गुरुवारी भजनाला जातात. त्यांना इंग्रजी कळत नाही. डोळे मिटून त्यांनी 'थिंग्ज बिहाइंड द सन' पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "एकतारीवर म्हणणारा माणूस हाय ह्यो. कुणाला ऐकवायला म्हणत न्हाई." त्यांना गायकाची गोष्ट ठाऊक नव्हती, म्हणून मला त्यांचं मत फार मोलाचं वाटतं.

नैराश्य होतं, उदासीही खरी आहे. 'पॅरासाइट' ऐकवत नाही असे दिवस येतात. 'नो' (Know) मात्र मला आजही अपुरं वाटतं : एक छोटी चाल, गुणगुणणं आणि चारच ओळी. पण शेवटचं 'फ्रॉम द मॉर्निंग' ऐका. सुंदर उजाडलेल्या दिवसाचं गाणं आहे ते, आणि त्याचीच एक ओळ इंग्लंडमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन गावात ड्रेकच्या थडग्यावर कोरली आहे. शिवाय तो गेला नोव्हेंबर १९७४ मध्ये, म्हणजे या रेकॉर्डिंगनंतर तीन वर्षांनी, आणि त्याच वर्षी स्टुडिओत जाऊन त्यानं आणखी काही गाणी म्हटली होती. मग ही निरोपाची चिठ्ठी कशी?

१९९९ मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीत शीर्षकगीत वाजलं आणि खप एकदम वाढला. जाहिरातीतून आलेल्या श्रोत्यांना काही जुने चाहते नाकं मुरडतात, ते मला आवडत नाही. त्यांनी आधी गाणं ऐकलं, चरित्र नंतर वाचलं. ऐकायचा क्रम तोच बरा.

घ्यावा का? चारचौघांत लावायला नको, गप्पांत हरवून जातो. रात्री एकट्यानं, सलग, मध्ये गाणं न वगळता ऐका. वाद्यमेळ हवाच असेल तर आधी त्याचा १९७१ चा 'ब्रायटर लेटर' ऐका. माझा भाऊ तोच जास्त ऐकतो, मला 'पिंक मून'च पुरतो.