ध्यानाचे नऊ महिने: श्वास, संवेदना आणि शेजारची मोटर

सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. दिवसभर मागांची खटखट, घरी आलो की चिडचिड. म्हणून जूनपासून ध्यान सुरू केलं.

पहिले चार महिने नुसता श्वास, रोज पहाटे 20 मिनिटं. झोप सुधारली, बेरजा चुकेनात. राग गेला म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो. बायको म्हणाली, "अहो, राग कुठला जातोय? ओरडत नाही एवढंच. बोलणंच टाकलंय तुम्ही."

सप्टेंबरात तिचं खरं ठरलं. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी, तोही कधी रात्री अडीचला. शेजारचे काका नळालाच मोटर जोडतात, मग आमची धार करंगळीएवढी. ध्यानावरून उठलो, मोटर ऐकली, घागर आपटली आणि वडीलधाऱ्या माणसाला नको ते बोललो.

ऑक्टोबरात इगतपुरीला 10 दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, मौन, तीन दिवस श्वास, चौथ्यापासून अंगभर संवेदना बघायच्या. गुडघ्यांनी जीव घेतला. पण माझा राग आधी जबड्यात येतो, हे तिथंच कळलं. शेवटी मंगल मैत्री शिकवतात, म्हणजे मनातल्या मनात एकेकाचं भलं चिंतायचं. ती मला भाबडी वाटली होती.

घरी तीच रोज 10 मिनिटं धरली. आधी आई, मग सिटी बसचा कंडक्टर, मग काका. काकांपाशी पंधरा दिवस गाडी अडली. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला होता तेव्हा, रात्री पुन्हा मोटर वाजली. जबडा आवळला, तरी जाऊन बेल दाबली. काकांनी दार उघडलं, कमरेला पट्टा. बादल्या वर नेणं त्यांना जमतच नव्हतं. तेरा वर्षांच्या शेजारात तो पट्टा मला पहिल्यांदा दिसला. आता आधी अर्धा तास आम्ही भरतो, मग त्यांची मोटर. बटण मीच दाबतो.

लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या ध्यानाचा अभ्यास केला होता. 2017 मध्ये आलेल्या निष्कर्षांत श्वास-शरीराचं ध्यान करणारेही 'ताण कमी वाटतो' म्हणाले. पण ताणाच्या परीक्षेत त्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, काही उतरलं नाही. करुणेचा आणि दुसऱ्याच्या बाजूने बघण्याचा सराव केलेल्यांचं मात्र उतरलं. वाचताना बायकोच आठवली.

तरी श्वास सोडलेला नाही, त्याशिवाय मैत्रीला बसलं की मन बाजार हिंडून येतं.

धाकट्या भावाशी वाटणीवरून बोलणं अजून बंद आहे. त्याला मैत्रीत घेऊन पाहिलं. दोन्ही वेळा मधेच उठलो.