पीएसए की जनुक चाचणी?

मेव्हण्याचं वय ४७, वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग. त्याचा प्रश्न: दरवर्षी पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची रक्तचाचणी) करू, की एकदाच जनुकं तपासून मोकळा होऊ?

खर्चात पीएसए काहीशे रुपयांत होते, जनुकांचं पॅनल हजारांत जातं. कटकट मात्र पीएसएचीच जास्त. ती पुन्हापुन्हा करावी लागते आणि जंतुसंसर्ग किंवा वाढलेली ग्रंथी असली तरी आकडा चढतो. केसांसाठी फिनास्टेराइड घेत असाल तर तो साधारण निम्म्यावर येतो. डॉक्टरांना हे सांगायचं राहूनच जातं!

जनुक चाचणी आयुष्यात एकदाच, पण तपासायचं काय? टेस्टोस्टेरॉनशी निगडित जनुकांचा गाजावाजा फार. अँड्रोजन रिसेप्टर म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा संदेश पेशीला देणारं प्रथिन; त्याच्या जनुकात डीएनएची सीएजी ही अक्षरं कमी वेळा आली की धोका जास्त, असं १९९०च्या दशकात वाटलं होतं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ते टिकलं नाही. त्यासाठी पैसे घालू नयेत. डीएनए दुरुस्त करणाऱ्या बीआरसीए२ या जनुकातला दोष मात्र धोका खरोखरच कित्येक पटींनी वाढवतो.

घरात एकालाच, तेही उतारवयात झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलून पीएसए पुरे. तरुणपणी झालेले दोघंतिघं, किंवा आई-मावशीला स्तनाचा वा बीजकोशाचा कर्करोग असेल, तर आधी समुपदेशन, मग बीआरसीए जनुकांची चाचणी. पीएसए तरीही सुटत नाही.