अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन आणि कोल्हापूरच्या फुलेवाडीतल्या गच्च्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत घडी होणारा नॅनो ड्रोन घेतला. त्यानंतर थंडी, उन्हाळा आणि आता पावसाळा, सगळ्यांत तो उडवून झाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या वर्गातल्या कुठल्याही ड्रोनला लागू आहे. घेण्याआधी मी जे व्हिडिओ बघितले त्यांत कॅमेरा, बॅटरी, रेंज यावर भरपूर बोललेलं होतं. आपण वर उडवतो तेव्हा खाली राहणाऱ्या माणसांचं काय, यावर कोणीच बोललं नव्हतं. म्हणून यंत्राचं थोडक्यात उरकतो आणि त्यावर जास्त लिहितो.

चित्र उत्तम येतं. मसाई पठारावर टोपी हाताने धरून उभं राहावं लागत होतं, तरी गिंबलमुळे, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेमुळे, व्हिडिओ हलला नाही. बॅटरी अर्ध्या तासाची सांगतात, पण वाऱ्यात वीस मिनिटं धरून चाला आणि त्यातली शेवटची पाच परतीसाठी राखा. जाताना वारा पाठीशी असेल तर निम्मी बॅटरी शिल्लक असतानाच वळा. स्लॅबच्या गच्चीवर ठेवून सुरू केला की होकायंत्राची सूचना येते, कारण स्लॅबमधल्या सळया. मोकळ्या जमिनीवरून उडवलं की हा त्रास नाही. सिग्नल तुटल्यावर ड्रोन आपणहून परत येतो, पण तो ज्या उंचीवरून परतेल ती उंची आधी आपण ठरवून द्यायची असते. आसपासचा मोबाईल टॉवर किंवा सगळ्यात उंच इमारत बघून ती ठेवा. आणि रंकाळ्यावर घारी मागे लागतात. घार वरून झडप घालते, त्यामुळे खाली पळायचं नाही, सरळ वर चढवायचा.

आता वजन. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, थर्ड पार्टी विमाही लागत नाही. म्हणून कंपन्या २४९ ग्रॅमवर काटा थांबवतात आणि दुकानदार तेवढंच सांगतो, 'बिनधास्त उडवा साहेब, लायसन लागत नाही.' या ड्रोनला पंख्यांभोवती बसवायची जाळी मिळते. लहान मुलांच्या बोटांना इजा होऊ नये, भिंतीला घासला तरी पडू नये म्हणून ती असते. ती बसवली की वजन २५० च्या वर जातं आणि तोच ड्रोन मायक्रो होतो, म्हणजे विमा लागू. जो माणूस जास्त काळजी घेतो त्याच्यावर जास्त अटी, हे मला पटत नाही. सुरक्षिततेसाठी लावलेलं वजन वेगळं धरायला हवं.

लायसन लागत नाही याचा अर्थ कुठेही उडवा असा नाही, आणि कोल्हापुरात तर हे फार महत्त्वाचं आहे. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागून आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत ग्रीन झोन, म्हणजे आधी परवानगी न लागणारा भाग, त्याच्या वर गेलात की हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी. त्याही आत आलात तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघायचा आणि तो जे सांगेल ते करायचं. आता हे आपल्या गावावर ठेवून बघा. अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, पेठा, हे सगळं ८ किलोमीटरच्या आत येतं. आमची फुलेवाडी बाहेरच्या पट्ट्यात, म्हणजे २०० फूट, साधारण ६० मीटर. प्रयाग चिखलीकडे गेलं की ४०० फूट मोकळे. पन्हाळ्याचं अंतर ठीक आहे, पण तिथे पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणं आहेत आणि त्यांवर ड्रोन उडवायला त्या खात्याची परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तिथे ड्रोन घेऊन जायचंय असं म्हणणारे बरेच भेटले. त्यांना मी हेच सांगतो.

एवढं सगळं पाळलं तरी ते विमानांच्या आणि वस्तूच्या वजनाच्या हिशेबाने पाळलेलं असतं. गल्लीतल्या माणसांचा हिशेब वेगळा निघाला.

पहिल्यांदा घराजवळ उडवायच्या आधी मी शेजारी सांगायला गेलो. समोरच्या काकू म्हणाल्या, "उडव की, मी कशाला न्हाई म्हणू? पर मी न्हाऊन केस वाळवत बसतो गच्चीवर. ह्यात माझं तोंड दिसतंय का, तेवढं सांग." मला उत्तर देता येईना, म्हणून आम्ही बघायचंच ठरवलं. त्यांचा नातू गच्चीवर उभा राहिला, मी समोरच्या मोकळ्या प्लॉटवरून ड्रोन वर नेला आणि काकू माझ्याशेजारी उभ्या राहून स्क्रीन बघत होत्या.

दहा मीटरवर नातू सरळ ओळखू येत होता. तीस मीटरवर तो मुलगा आहे एवढं कळत होतं, ओळखीच्या माणसाने उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलाही असता. साठ मीटरवर चेहरा संपला. याचं गणित सोपं आहे. माझ्या कॅमेऱ्यात साठ मीटरवरून साधारण नव्वद मीटर रुंदीचा भाग मावतो आणि फोर-के चित्रात आडवे ३८४० ठिपके असतात. म्हणजे एका ठिपक्यात सव्वादोन-अडीच सेंटिमीटर जमीन येते. माणसाच्या चेहऱ्याला रुंदीत सहा-सात ठिपके मिळाले तर त्यावरून कोणाला ओळखणार? झूमची लेन्स असलेल्या मोठ्या ड्रोनला हे गणित लागू नाही, ते लांबूनही चेहरा टिपतात.

मला वाटलं काकूंचं समाधान झालं. त्या अजून स्क्रीनच बघत होत्या. म्हणाल्या, "तोंड न्हाई दिसत, खरं हाय. पर ते बघ, कोपऱ्यावरच्यांच्या दाराला कुलूप हाय, गाडी न्हाई, धुणं कालपास्नं तसंच हाय. कोण घरात न्हाई हे तर कळतंय की!"

त्यानंतर मी स्वतःचे जुने व्हिडिओ त्या नजरेने परत बघितले. कुठल्या घराला मागून वाट आहे, कोणाच्या जिन्याचं दार उघडं असतं, कोणाकडे कुत्रा आहे, म्हातारी माणसं एकटी कुठल्या खोलीत बसतात, हे सगळं त्यांत आहे. मी ते टिपायला गेलोच नव्हतो, मागचं रंकाळ्याचं पाणी टिपायला गेलो होतो. २०२४ साली पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये रात्री ड्रोन फिरताहेत, चोर घरं हेरताहेत अशी भीती पसरली, लोक रात्र-रात्र जागले. तेव्हा शहरातले बरेचजण त्यांना हसले होते. काकूंनी काही मिनिटांत जे ओळखलं ते बघता त्या गावकऱ्यांच्या भीतीत हसण्यासारखं काही नव्हतं. लंडनच्या गॅटविक विमानतळावर डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या तक्रारींवरून सुमारे १००० उड्डाणांचा खोळंबा झाला होता. तिथे तज्ज्ञ होते, रडार होतं, तरी वर नेमकं कोण आहे आणि त्याच्या मनात काय आहे हे त्यांनाही कळत नव्हतं. मग गच्चीवर पापड घालणाऱ्या बाईला ते कळावं अशी अपेक्षा कशी करायची?

ही अडचण मला उन्हाळ्यात आमच्याच घरी कळली. जवळच्या एका कार्यालयात लग्न होतं. आई आणि बायको गच्चीवर कुरडया घालत होत्या आणि लग्नाच्या शूटिंगवाल्यांचा ड्रोन येऊन डोक्यावर थांबला. बराच वेळ थांबला. दोघी अर्धवट काम टाकून खाली आल्या. मी जाऊन त्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "दादा, वरून काय दिसत न्हाई, वरातीची वाट बघत थांबवलाय." तो खरं बोलत असेलही. पण आईला ते समजायला काही मार्गच नव्हता. कॅमेरा कुठे वळलाय, रेकॉर्डिंग चालू आहे की नाही, उडवणारा कुठे उभा आहे, यातलं काहीही खालून कळत नाही. माझ्या ड्रोनचंही तसंच आहे. रेकॉर्डिंगची खूण फक्त माझ्या हातातल्या स्क्रीनवर. या यंत्रातली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी त्रुटी हीच, आणि ती दूर करायला पोटाला एक ठळक दिवा पुरेल. कंपन्यांनी तो द्यायलाच पाहिजे.

कायदा काय म्हणतो तेही शोधलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बाईचं खासगी कृत्य चोरून बघण्याला आणि टिपण्याला गुन्हा मानतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणाबद्दल आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला लागूच होत नाही. आता पूर्ण साडीत, आपल्या गच्चीवर केस वाळवत बसलेल्या बाईचा हौशी माणसाने घेतलेला व्हिडिओ यातल्या कुठल्या कलमात नीट बसतो? मला तरी दिसत नाही. आणि ड्रोनच्या नियमांत वजन आहे, उंची आहे, झोन आहे. कॅमेरा कोणाच्या घरावर रोखला यासाठी त्यांत मोजमाप नाही. ते येईपर्यंत ही जबाबदारी उडवणाऱ्याने स्वतः घ्यायची, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी काय करतो ते सांगतो. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी वेळ टाकतो. कोणी नको म्हटलं तर उडवत नाही, कारण विचारत नाही. प्लॉटच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा उभा राहतो. कॅमेरा आधी सरळ खाली प्लॉटवर रोखून ड्रोन पूर्ण उंचीवर नेतो आणि वस्ती ओलांडल्यावरच रेकॉर्डिंग सुरू करतो. ड्रोनवर माझा फोन नंबर चिकटवलाय. व्हिडिओ कुणाला पाठवण्याआधी त्यासोबतची जागेचे अक्षांश-रेखांश असलेली फाईल काढून टाकतो. याला वेळ लागतो, कधी कधी प्रकाश निघून जातो. पण आता गल्लीतली मंडळी स्क्रीन बघायला आपणहून येतात आणि आमच्यात कधी तंटा झालेला नाही.

यंत्राचा खरा उपयोग चिखलीच्या शेतावर झाला. तिथे मामांचा ऊस आहे. मधला पट्टा पिवळा पडला होता, बांधावरून दिसत नव्हता, वरून लगेच दिसला. पाट फुटून पाणी पुढे पोचतच नव्हतं. पावसाळ्यात उघडीप मिळाल्यावर नदीचं पाणी कुठल्या बाजूने शेतात शिरतं तेही बघून ठेवलं. मामांसारख्यांना २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर ही माहिती फार मोलाची वाटते. पण राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागलं की माझा ड्रोन पिशवीत जातो. बचावाचं हेलिकॉप्टर केव्हा येईल सांगता येत नाही, आणि माणसं असलेल्या विमानाला वाट देणं हे आपलंच काम आहे. शिवाय हे यंत्र पावसात भिजण्यासाठी बनवलेलं नाही.

घ्यावा का? शेत असेल, डोंगर फिरायची आवड असेल आणि शेजाऱ्यांकडे जाऊन बोलायची तयारी असेल तर जरूर घ्या. पेठेतल्या अरुंद गल्लीत राहत असाल आणि तिथूनच उडवायचा विचार असेल तर घेऊ नका. लहान मुलाला खेळणं म्हणून तर नकोच. सेकंडहँड घेत असाल तर कागद आणि नोंदणी तपासा. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तरी बिल नसलेला माल बाजारात फिरतो.

गणपती जवळ आलेत. तालमीच्या पोरांनी विसर्जन मिरवणुकीवर ड्रोन फिरवायला सांगितलंय. "भावा, दहा मिनिटं, पापाच्या तिकटीपर्यंत फक्त." मी नाही म्हटलंय. तो भाग विमानतळाच्या आतल्या वर्तुळात येतो, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे साठ मीटरवरून पडणारी वस्तू, हवेचा रोध सोडला, तर ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने खाली येते. रोधामुळे प्रत्यक्षात वेग कमी होतो, तरी खाली डोक्याला डोकं लागलेलं असताना पाव किलोचं यंत्र कुणाच्या बाळावर पडू शकतं. मिरवणुकीच्या वाटेवर एका ओळखीच्यांचं घर आहे. त्यांच्या गच्चीवरून स्टँडला कॅमेरा लावून देतो, असं पोरांना सांगितलंय. घरच्यांना विचारून झालंय, त्यांची हरकत नाही.