येझदी, आरएक्स 100 की कास्ट आयर्न बुलेट: कमी बजेटमध्ये घरी उभी करायला कोणती घ्यावी?

जुनी मोटारसायकल घरी उभी करताना, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा चालती करताना, पैसा वाचतो तो एकाच ठिकाणी, मजुरीत. सुटे भाग सगळ्यांना त्याच भावाने मिळतात, आणि आपण हौशी आहोत म्हणून लेथवाला किंवा क्रोमवाला दर कमी करत नाही. त्यामुळे हात आखडता असेल तर कोणत्या गाडीचं जास्तीत जास्त काम स्वतःच्या हाताने होईल, हे आधी बघायला हवं. या एकाच निकषावर तीन गाड्या शेजारी शेजारी लावतो: यामाहा आरएक्स 100, येझदी 250 आणि कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी) इंजिनची बुलेट 350. राजदूत 175 वर जीव असलेल्यांनी येझदीचा भाग वाचावा, त्यातलं बरंचसं तिलाही लागू आहे.

आरएक्स 100 आपल्याकडे 1985 मध्ये आली आणि 1996 मध्ये बंद झाली. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो. इंजिन एकटा माणूस उतरवून स्टुलावर ठेवतो, हेड-ब्लॉक (सिलिंडरचं झाकण आणि सिलिंडर) साध्या पान्यांनी निघतात. टू-स्ट्रोक ऑइलची टाकी आणि पंप वेगळा असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मोजून ओतावं लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपरा मिळाला तरी काम होतं. म्हणजे निकषावर ही पहिली यायला हवी. पण हिचे भाव इतके चढलेत की मरतुकडी गाडी घेतानाच निम्मं बजेट संपतं. त्यात बहुतेक गाड्या पोरांनी पिळून काढलेल्या. ब्लॉक किती वेळा बोअर झालाय, म्हणजे आतून घासून मोठा केलाय, ते पिस्टनच्या डोक्यावर कोरलेल्या आकड्यावरून कळतं: स्टँडर्डनंतर 25, 50, 75, 100. शंभरवर, म्हणजे शेवटच्या मापावर पोचलेला ब्लॉक असेल तर पुढच्या वेळी नवी स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) बसवावी लागणार, तो खर्च घेतानाच भावातून कापून मागा. ‘ओरिजनल जपान’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्लॉक-कार्बोरेटरच्या नादी कमी बजेटवाल्याने लागू नये. सुरुवातीच्या गाड्यांत जपानी भाग होते हे खरं, पण आज काउंटरवर समोर येणारा तुकडा खरा की डुप्लिकेट, हे ओळखायला सरावलेली नजर लागते.

आता येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1960 पासून आधी जावा आणि मग येझदी बनवल्या. हिचंही उत्पादन 1996 मध्येच थांबलं. इंजिन उघडून बघितलं की पहिल्यांदा काम करणाऱ्यालाही धीर येतो. एक सिलिंडर, दोन सायलेन्सर. व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, ऑइल पंप नाही. किकचा आणि गिअरचा दांडा एकच, आणि गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळायचं, चालवणारे लिटरला तीस-चाळीस मिली धरतात. पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा स्विच), कार्बोरेटर, क्लच प्लेट, प्रायमरी चेन (इंजिनकडून क्लचकडे जाणारी), ब्रेक लायनर, वायरिंग हे सगळं घरी होतं. क्लच उतरवायला मात्र पुलर (ओढून काढायचं हत्यार) हवा, हातोडी लावू नये.

खरी मेख क्रँकमध्ये आहे, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्यात. हा क्रँक दाबून जोडलेला असतो. रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा) आणि बेअरिंग बदलायचं तर पूर्ण इंजिन फोडून तो लेथवाल्याकडे न्यायचा, तिथे प्रेसवर सोडवायचा आणि नवा रॉड घालून डायल गेज लावून सरळ करून घ्यायचा. हे काम चांगल्या हाताकडे गेलं नाही तर इंजिन थरथरतं आणि नवी बेअरिंगही लवकर जातात. म्हणून येझदी बघायला जाल तेव्हा उजवीकडचं कव्हर उघडून डायनॅमोचा रोटर पकडून वर-खाली हलवून बघा. ढिला लागला तर क्रँकचं बेअरिंग संपलंय. मालकाने ब्लॉक काढू दिला तर रॉड वर-खाली ओढून बघा. तसा जराही खेळ नको, बाजूला किंचित हलला तर चालतो. चालू गाडी ढगासारखा पांढरा धूर ओकत असेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं ऑइल सील फाटून ते ऑइल आत ओढलं जातंय. सील स्वस्त आहे, पण डावीकडचा क्लच आणि प्रायमरी उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. मग त्याच खेपेला बेअरिंगसकट सगळंच करून घ्यावं.

येझदीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, तिची माणसं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, ठिकठिकाणचे मालक गाड्या घेऊन जमतात. गाडी घेण्याआधी एकदा जाऊन या. पुलर उसना मिळतो, खात्रीच्या लेथवाल्याचा पत्ता मिळतो, आणि कोणाच्या अंगणात कागदांसकट गाडी पडून आहे तेही कळतं.

बुलेटचा हिशेब वेगळा. 346 सीसीचं कास्ट आयर्न इंजिन 2010 च्या आसपासपर्यंत बनत होतं, त्यामुळे भाग मिळवायला वणवण नाही. पुण्यात नाना पेठेत एका फेरीत बहुतेक यादी पुरी होते, आणि तालुक्याच्या गावीही टायमिंग लावणारा मिस्त्री सापडतो. गिअरबॉक्स इंजिनापासून सुटा आहे, म्हणून काम तुकड्यातुकड्यात करता येतं: यंदा गिअरबॉक्स आणि क्लच, पुढच्या वर्षी हेड, मध्ये गाडी चालती. पगारातून महिन्याला थोडे बाजूला काढणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावायला फीलर गेजही (फट मोजायची पट्टी) लागत नाही. इंजिन थंड असताना पुशरॉड (व्हॉल्व्हपर्यंत जोर पोचवणारा दांडा) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळ नको. पॉइंटची फट मात्र मोजून, 0.35 ते 0.40 मिमी.

खर्च मात्र इथे जास्त. व्हॉल्व्ह, गाइड, सीट कटिंग, टायमिंग गिअर हे सगळे टू-स्ट्रोकमध्ये नसलेले खर्च. जुन्या इंजिनात रॉडच्या मोठ्या टोकाला फ्लोटिंग बुश (बेअरिंगच्या जागी सैल फिरणारी धातूची कडी) असतो. ऑइलकडे दुर्लक्ष झालेलं असेल तर तो खाल्ला जातो आणि मग पुन्हा लेथची वारी. वजन दीडशे किलोच्या पुढे, इंजिन उतरवायला दोन माणसं हवीतच. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत हे जमणार नाही.

रंग आणि क्रोम तिन्ही गाड्यांना सारखंच महाग, आणि ते घरी होत नाही. स्वस्तात क्रोम करून देणारे तांब्याचा थर गाळतात, निकेलही पातळ देतात. एका पावसाळ्यात गंज फुटतो. पैसे कमी असतील तर जुनं क्रोम घासून-पॉलिश करून तसंच ठेवा. चॅसीला पावडर कोटिंग करताना चॅसी नंबरवर टेप लावून घ्या, नंबर बुजला की आरटीओत अडकलात.

सगळ्यात मोठा खर्च कागदांचा निघू शकतो. आरसी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. जुन्या गाडीची नोंद बऱ्याचदा संगणकावर आलेलीच नसते, तेव्हा मूळ आरटीओतून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर त्या फेऱ्या धरा. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, म्हणून केस तडकलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. केस बदलली की नंबर जुळत नाही. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते, पण तिची फी 20,000 रुपये आणि अशी गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. रस्त्यावर फिरवायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

तिन्हींसाठी एक सूचना: आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुने रबरी पाइप, पेट्रोल कॉकचे वायसर आणि कार्बोरेटरमधल्या फ्लोटची सुई आधी बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे. वडिलांची किंवा काकांची आरएक्स घरात असेल तर विचारही करू नका, तीच करा. खरेदीचा खर्च नाही, कागद घरचे, कामही सोपं. विकत घेऊन करायची असेल आणि बजेट खरोखर बेताचं असेल तर चालू कागदांची, क्रँक शाबूत असलेली येझदी घ्या, वरवर कितीही कळकट दिसली तरी. बुलेट त्याने घ्यावी ज्याला गाडी रोज चालवायची आहे, ज्याच्याकडे तळमजल्यावर जागा आहे आणि जो दोन-तीन वर्षं थोडं थोडं काम करायला तयार आहे.