लेकराच्या हाती पहिलं हत्यार कोणतं: कानस, पटाशी की चाकू?

पोळा जवळ आला की वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, दारात लेकरं जमतात. तान्ह्या पोळ्याचा नंदी त्यांच्या डोळ्यांसमोर घडत असतो आणि घरी आल्यावर एकच हट्ट असतो, मला पण असा बैल करायचा. हा हट्ट जरूर पुरवावा. अडतं ते पुढं. घरात हाताशी भाजीचा चाकू असतो, तोच दिला जातो, लाकूड नेमकं बाभळीचं निघतं, थोड्याच वेळात चाकू घसरतो आणि त्या घरातलं लाकूडकाम तिथंच संपतं.

सुरुवात तीन हत्यारांनी करता येते: घासायची कानस, कोरायची पटाशी किंवा चाकू. निवडताना लोक वय आणि किंमत बघतात. आम्ही त्याआधी एक गोष्ट बघायला सांगू. धार पुढं सरकत असताना लेकराचा दुसरा हात कुठं असतो? कानस चालवताना दोन्ही हात कानशीवर असतात. लाकूड पक्कं आवळलेलं असेल तर पटाशीवरही दोन्ही हात राहतात. चाकूचं तसं नाही. एका हातात धार, दुसऱ्या हातात लाकूड, म्हणजे दुसरा हात सतत धारेच्या वाटेवर. कोरताना होणाऱ्या जखमा बहुधा याच, लाकूड धरलेल्या हाताला होतात.

इथं एक अडचण आपल्या गावातली आहे. वाढईकाका जमिनीवर बसतात, लाकूड पायानं दाबून धरतात आणि वाकसानं सपासप तासतात. लेकरू ते पाहून आलेलं असतं आणि घरी तसंच बसतं. ती बैठक वर्षानुवर्षांच्या सरावाची आहे. लेकराला पहिल्याच दिवशी नीट सांगा की काकांचा हात बघायचा, पाय नाही. वाकस, विळा आणि कुऱ्हाड या वयाच्या कामात येतच नाहीत.

कानस: सहा-सात वर्षांपासून

हार्डवेअरच्या दुकानात नुसती कानस मागितली तर बारीक दात्यांची, लोखंडाची कानस हाती पडते. तिच्यात भुसा भरतो आणि दोन मिनिटांत ती नुसती घसरू लागते. लाकडाची, मोठ्या दात्यांची, 8 इंची अर्धगोल कानस मागा. सपाट बाजूनं पाठ घासता येते, गोल बाजूनं मान आणि पोट. मूठ नसलेली कानस लेकराच्या हाती कधीच देऊ नका. कानस अडली की तिचं टोकदार शेपूट सरळ तळव्यात घुसतं.

काम सोपं आहे. वाढयाकडून दीड इंच जाड फळीतून सहा इंच लांब आणि चार इंच उंच बैलाचा आकार कापून आणायचा. पाय सुटे चार नकोत, पुढचा एक जाड ठोकळा आणि मागचा एक. कापायच्या आधी काकांना एक गोष्ट आवर्जून सांगा: लाकडाच्या रेषा पायांच्या दिशेनं उभ्या ठेवा. रेषा पाठीच्या दिशेनं आडव्या गेल्या तर पाय म्हणजे आडव्या तंतूंचा तुकडा होतो, आणि बैल एकदा हातातून पडला की पाय मुळातून तुटतो. लेकराचं आठ दिवसांचं काम असं जाताना बघवत नाही.

लाकूड टेबलाला सी-क्लॅम्पनं, म्हणजे स्क्रूच्या शिकंज्यानं, आवळा. कानस फक्त पुढं ढकलताना कापते. मागं येताना ती उचलायची, नाहीतर दाते बोथट होतात. कडेला घासताना कानस बाहेरून आत न्यायची. आतून बाहेर नेली तर कडेचा चिप्पा उडतो. आकार आला की पॉलिश पेपर 80 नंबरचा, मग 120, शेवटी 220. 80 नंबरचं काम अर्धवट सोडून 220 घेतला तर कानशीचे चरे तसेच राहतात आणि लेकरू कंटाळतं. घासताना नाका-तोंडावर मास्क हवा आणि जागा अंगणातली हवी.

कानशीत उणं काय? काम हळू होतं आणि बारीक नक्षी येत नाही. बोटांची सालं निघू शकतात, पण खोल जखम होणं अवघड. सहा ते आठ वर्षांच्या लेकराला आम्ही दुसरं काही सुचवणार नाही. त्याहून लहान असेल तर कोरायला अंघोळीचा साबण आणि आइस्क्रीमची काडी पुरे. कपड्यांची वडी नको, तिच्यातल्या सोड्यानं हात चुरचुरतात.

पटाशी: नऊ वर्षांच्या पुढं, आवळलेल्या लाकडावर

आमचा कौल इथं आहे. नऊ-दहा वर्षांच्या लेकराला खरं कोरकाम शिकायचं असेल तर पटाशी ही सगळ्यात चांगली सुरुवात, पण दोन अटी आहेत. लाकूड हलता कामा नये, आणि पटाशीला धार असली पाहिजे.

एक सी-क्लॅम्प पुरत नाही. त्याच्याभोवती लाकूड गोल फिरतं, पटाशी घसरते आणि लेकरू आपसूक दुसऱ्या हातानं लाकूड धरायला जातं. चार इंची दोन क्लॅम्प लावा. टेबलाची उंची उभ्या लेकराच्या कोपराइतकी असावी. टेबल नसेल तर वाढयाकडून एक अडणीची फळी करून घ्या: फूटभर लांब फळी, एका टोकाला खालून पट्टी, दुसऱ्या टोकाला वरून पट्टी. खालची पट्टी ओट्याच्या कडेला अडते आणि वरच्या पट्टीला लाकूड टेकतं. लेकरू पुढं ढकलतं तेव्हा लाकूड जागचं हलत नाही.

दोनच पटाश्या घ्या, एक सपाट 12 मिलिमीटरची आणि एक गोल 6 किंवा 8 मिलिमीटरची. दहा-बारा नगांचा स्वस्त संच घेऊ नका. त्याचं पोलाद मऊ असतं, धार एका बसणीतही टिकत नाही. एक हात मुठीवर, तो ढकलतो. दुसऱ्या हाताची बोटं पात्यावर, धारेपासून दोन इंच मागं, ती लगाम धरतात. पुढं कुणाचाही हात नाही.

पहिलं काम पिंपळाचं पान किंवा स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर, खोली जास्तीत जास्त 3 मिलिमीटर. रेषेवर पटाशी उभी धरून लाकडी हातोडीनं हलका ठोका द्यायचा, म्हणजे तंतू तिथं तुटतात. मग बाहेरून तिरपी पटाशी त्या कापापर्यंत न्यायची. उभा काप न घेता थेट तिरपी पटाशी घातली तर लाकूड रेषेच्या पलीकडं फाटत जातं आणि अर्धं पान निघून येतं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

दुसरी चूक रेषेविरुद्ध कोरण्याची. तिची खूण कानाला कळते. रेषेसोबत कापताना आवाज सरसर येतो आणि कुरळी, पातळ साल निघते. रेषेविरुद्ध गेलं की करकर होते, पटाशी आत घुसते आणि मागं खड्डे राहतात. त्या क्षणी जोर न वाढवता लाकूड फिरवायचं आणि उलट बाजूनं यायचं. एवढं एक लेकराला कळलं तर पुढचं निम्मं त्याचं त्यालाच कळत जातं.

धार लावण्याचं काम मोठ्यांचं. नवी पटाशी दुकानातून बहुधा नीट धार न लागलेलीच येते. धारेच्या दगडावर 25 ते 30 अंशांत घासा, मग जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर मागं ओढत दहा-पंधरा वेळा फिरवा. वर्तमानपत्राची कड सहज कापली गेली तर धार आली, अंगठ्यावर तपासू नका. मऊ लाकूड आडवं कापताना ते चुरगळून पांढरट दिसू लागलं तर धार गेलेली आहे. बोथट हत्याराला जोर लागतो, आणि जोरात असलेलं हत्यार सुटलं की थांबवता येत नाही. लेकराला बोथट देणं सुरक्षित, ही समजूत आधी सोडा.

चाकू: शेवटी, पण चाकूच द्यायचा असेल तर

चाकूपासून सुरुवात करण्याच्या बाजूनं बोलणारे अनुभवी लोक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. टेबल नको, क्लॅम्प नको, झाडाखाली बसून काम होतं आणि लाकडाची रेषा हाताला थेट कळते. स्वीडनच्या शाळांत हस्तकाम सक्तीचा विषय आहे आणि तिथल्या हस्तकाम शिकवण्याच्या जुन्या स्लॉइड पद्धतीत पहिले धडे चाकूचेच असत. पण तिथं शिकलेला शिक्षक समोर उभा असतो. आपल्याकडं 1937च्या वर्ध्याच्या परिषदेत हातकामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली, तिथंही हत्यारासोबत शिकवणारा माणूस होताच. घरी असा माणूस पूर्ण वेळ समोर बसणार असेल तर दहा-अकरा वर्षांच्या लेकराला चाकू द्यावा. एका मोठ्या माणसासमोर एकच लेकरू.

पातं न दुमडणारं, अडीच-तीन इंची, मूठ लेकराच्या मुठीत भरेल अशी. भाजीचा चाकू नको, तो वाकतो. खटका नसलेला घडीचा चाकू बोटांवर मिटतो. कागद कापायचा कटर तर मुळीच नको, त्याचं पातं आडव्या जोरानं मोडतं आणि तुकडा डोळ्याकडं उडतो.

स्टुलावर बसवा, कोपर गुडघ्यांवर, चाकू आणि लाकूड गुडघ्यांच्या पुढं. मांड्यांच्या मध्ये कधीच नाही. मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते, तिथली जखम मिनिटांत जिवावर बेतते. हात लांब करून गोल फिरवला तर जेवढ्या जागेत पोचतो तेवढ्यात दुसरं कुणी नको. कुणी आलं की चाकू म्यानात.

पहिले दोन महिने एकच काप: लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून त्यानंच पातं पुढं ढकलायचं. हालचाल अर्ध्या-पाऊण इंचाची राहते आणि चाकू सुटून जात नाही. अंगठ्याकडं ओढत सोलायचा काप नंतर. लाकूड धरलेल्या हातात काप-रोधक मोजा घालावा, पण त्याची मर्यादा लक्षात ठेवा. तो घासून जाणारी धार अडवतो, टोक त्यातून आरपार जातं. फिरत्या ड्रिलजवळ किंवा खरादीजवळ तो मोजा काढायचाच, गुंतला तर हात ओढून नेतो.

पहिलं काम गिल्ली. दोन्ही टोकं निमुळती करताना लेकरू आपोआप जाड भागाकडून टोकाकडं, रेषेसोबत कापायला शिकतं. पऱ्हाटीच्या आणि तुराटीच्या काड्या मात्र देऊ नका, वाळल्या की त्या कापण्यापेक्षा फुटतात जास्त.

लाकूड कोणतं

हत्याराइतकंच हे महत्त्वाचं. शिवण मिळाली तर दुसरं बघू नका. फिकट, हलकी, कमी वाकणारी, पटाशीखाली लोण्यासारखी नसली तरी समजूतदार. काळा कुडा पांढराशुभ्र आणि एकसारख्या रेषेचा असतो, चन्नपटणाची खेळणी त्याचीच. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा मऊ, पण बोथट पटाशीखाली दबतो. सावरही हलकी, आगपेटीच्या काड्यांची. कानशीला ठीक, नक्षीला फुसकी. सागवान सुरेख कोरलं जातं, पण त्याचा भुसा काहींच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही. वाढयाकडचे उरलेले तुकडे दुसऱ्या वर्षी वापरा. कडुनिंबाच्या रेषा एकमेकींत अडकलेल्या असतात, त्यामुळं कोणत्याही बाजूनं आलं तरी करकर होतेच. बाभूळ गाडीसाठी, लेकरासाठी नाही. बांबूचा चिप्पा पात्यासारखा कापतो.

काही झाडांना हातच लावायचा नाही. बिब्ब्याच्या चिकानं अंगावर फोड येतात. शेराचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. कण्हेर विषारी आहे. लेकरू धुऱ्यावरून स्वतः काडी तोडून आणत असेल तर ही तीन झाडं त्याला आधी दाखवून ठेवा. जंगलातून लाकूड आणू नका, धुऱ्यावरची छाटलेली फांदी पुरते.

चाकूला ओलं लाकूड सोपं जातं. फांदी मधोमध फोडून गाभा काढून टाका, तडे गाभ्यापासून सुरू होतात. उन्हाळ्यात ओला तुकडा उघडा राहिला तर बघता बघता तडकतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात उलटं, सावरीवर काळे डाग चढतात, म्हणून वाऱ्यावर आणि सावलीत ठेवा.

कापलं तर

बसणी तीस-चाळीस मिनिटांची. हात थकला की धार भरकटते. तरी कापलं तर स्वच्छ वाहत्या पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं घट्ट दाबा, हात वर धरा आणि पूर्ण 10 मिनिटं उघडून बघू नका. हळद, चहापत्ती, राख काही नको, टाके घालायचे झाले तर ते आधी खरवडून काढावं लागतं. रक्त थांबत नसेल, कड उघडी राहत असेल किंवा बोट वाकत नसेल, मुंग्या येत असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्र. धनुर्वाताची लस सरकारी वेळापत्रकात 5-6 वर्षांना, मग 10 आणि 16 वर्षांना असते. काम सुरू करण्याआधीच कार्ड काढून बघा.

बैल तयार झाला की थिनरचं व्हार्निश नको. जवसाचं तेल लावा, ते हवेत वाळून लाकडात घट्ट बसतं. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, खवट वास धरतं. पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी पुसून घ्या, दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर. आणि तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती अंगणात दोरीवर पसरून कडक वाळवा, मग टाका.