हायड्रॉक्सियुरिया की ग्लुटामिन? सिकलसेलच्या घरातला प्रश्न

नवतपा लागला की आमच्या नागपुरात कूलरपुढेही जीव लागत नाही. धाकट्या भावाचा पॅटर्न 'एसएस', म्हणजे सिकलसेलचं जनुक आई-वडील दोघांकडून आलेलं. अंगातलं पाणी कमी झालं की त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मांड्या ठणकू लागतात.

हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल आईने आठवडाभर डब्यातच ठेवल्या. कोणीतरी 'कॅन्सरची गोळी' म्हटलं होतं. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये ती देतात हे खरंच. पण इथे ती हाडांच्या मज्जेतल्या पेशींना डीएनएचा कच्चा माल बनवू देत नाही. त्या ताणाखाली मज्जा गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, पुन्हा जास्त बनवू लागते असं मानतात. सिकलचं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून साखळी करतं; एफ त्या साखळीत गुंतत नाही, त्यामुळे पेशी सहज वाकत नाही. 1995 च्या अमेरिकी चाचणीत मोठ्या माणसांना वर्षाला दुखण्याचे साधारण 4.5 झटके येत होते, औषधावर 2.5. नागपुरातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मुलांना किलोमागे फक्त 10 मिलिग्रॅम देऊन झटके बरेच कमी झाल्याचं दाखवलं. कटकट एकच: सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, वेळोवेळी करावीच लागते, कारण पांढऱ्या पेशी घसरू शकतात. मूल हवं असेल तर, बाई असो की पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलायचं.

एल-ग्लुटामिन ही पावडर. वजनाप्रमाणे 5 ते 15 ग्रॅम, दिवसातून दोनदा. पेशीला ऑक्सिडेशनचा मार सोसायला ती मदत करते, असा कयास. अमेरिकेत 2017 साली मंजुरी मिळाली. चाचणीत 48 आठवड्यांत झटके 4 ऐवजी 3. त्यातले बरेच रुग्ण हायड्रॉक्सियुरियाही घेत होते, हे विसरू नका. जिमवाल्या डब्यातली पावडर मात्र आणू नका, बाप्पा.

तिसरं नाव व्हॉक्सेलोटर. ते हिमोग्लोबिनला चिकटून त्याची ऑक्सिजनवरची पकड घट्ट करतं. ऑक्सिजन धरून ठेवलेलं हिमोग्लोबिन साखळी धरत नाही. हिमोग्लोबिनचा आकडा छान वाढायचा, पण झटके त्या मानाने कमी झाले नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीनेच ते जगभरातून मागे घेतलं. तेव्हापासून मी भावाच्या वहीत हिमोग्लोबिनशेजारी दुखण्याचे दिवसही लिहितो.

आम्ही कॅप्सूल निवडली. दोन वर्षं झाली. ती घेऊनही झटके येत राहिले, तर ग्लुटामिन सोबतीला. तिच्या जागी नाही.